वाऱ्याच्या हाती सुकाणू

शिडाच्या बोटीतून लांबचा प्रवास म्हटलं की जे कधी गेले नाहीत त्यांच्या डोळ्यांपुढे वादळं येतात. जे जाऊन आले त्यांना आठवतो तो सुकाणूचा दांडा. बोटीवर दोघंच असतील तर चोवीस तास दोघांत वाटायचे, म्हणजे प्रत्येकी बारा. बारा तास एका जागी बसून होकायंत्रावर नजर ठेवायची. लाटेनं बोटीची पिछाडी ढकलली की दांडा ओढायचा, लाट पुढे सरकली की सैल सोडायचा. पहिल्या दिवशी मजा वाटते. दुसऱ्या दिवशी खांदे भरून येतात. तिसऱ्या रात्री तबकडीवरचे आकडे पोहायला लागतात आणि माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो. स्वयंपाक, नकाशा, हवामानाचा अंदाज, शिडाची फाटलेली शिवण, हे सगळं उरलेल्या बारा तासांत आणि झोप मोडून करायचं. एकट्यानं निघालेल्याचं तर गणितच बसत नाही.

म्हणून सफरीच्या बोटीवर सुकाणू धरायला आणखी कुणीतरी लागतं. त्या जागेसाठी दोन उमेदवार असतात. एक पिछाडीला बाहेर लटकलेला, नळ्या, दोर आणि एक पातं असलेला, निव्वळ वाऱ्यावर चालणारा विंडव्हेन. दुसरा आत कुठेतरी लपलेला ऑटोपायलट. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असतं, छोटा संगणक असतो आणि सुकाणू ढकलणारी मोटर असते. कोणता घ्यावा हा विषय निघाला की गप्पा लगेच बॅटरीवर, किमतीवर, वजनावर घसरतात. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण दोघांबरोबर बराच समुद्र पाहिल्यावर मला त्यांच्यातला मोठा फरक वेगळाच वाटतो. बोट कशीही चालत असली तरी ऑटोपायलट तिला सरळ नेतो. विंडव्हेन मात्र बोट नीट चालत असेल तरच तिला सरळ नेतो. माझा कल विंडव्हेनकडे आहे तो यामुळेच.

नवऱ्याचा कल ऑटोपायलटकडे आहे, हेही इथेच सांगून टाकते. तो व्यवसायानं इंजिनिअर आहे आणि बटण दाबून होणारं काम हातानं करणं हा त्याच्या मते वेळेचा अपव्यय आहे. बोटीवर दोनच माणसं आणि दोन पक्ष.

खरं तर शिडाची बोट स्वतःच स्वतःला नेऊ शकते. जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ या काळात एकट्यानं जगाला प्रदक्षिणा घालून आला, तसं करणारा पहिला माणूस. त्याच्या जवळपास ३७ फुटी ‘स्प्रे’वर ना पातं होतं ना मोटर. १८९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कोकोस कीलिंग बेटांपर्यंतचे २,७०० मैल त्यानं २३ दिवसांत कापले आणि त्या सगळ्या काळात आपण सुकाणूवर जेमतेम तीन तास होतो असं लिहून ठेवलं. स्प्रे रुंद होती, तिचा तळ लांब होता, शिडं नीट लावून सुकाणू बांधून टाकलं की ती आपली चालत राहायची. वारा तिला एका बाजूला वळवू पाही तेवढ्यात पाणी दुसऱ्या बाजूला धरून ठेवी. आजच्या बोटींचा तळ आखूड आणि खोल असतो. त्या चटकन वळतात, चपळ असतात, आणि दांडा बांधून ठेवला तर काही मिनिटांत भलतीकडे तोंड करून शिडं फडफडवत उभ्या राहतात. स्वयंचलित सुकाणूची गरज त्या चपळाईतूनही आली.

विंडव्हेनची कल्पना तळ्यातल्या खेळण्यांवरून आली. शर्यतीच्या छोट्या मॉडेल बोटींना माणूस चढवता येत नाही, म्हणून त्यांच्या सुकाणूला वाऱ्याचं पातं जोडायची पद्धत १९३०च्या दशकातच रुळली होती. मोठ्या बोटीवर ती खऱ्या अर्थानं आली १९६० मध्ये, एकेकट्यानं अटलांटिक ओलांडायच्या पहिल्या शर्यतीत. ती शर्यत ज्याच्या डोक्यातून निघाली तो ब्लाँडी हॅस्लर दुसऱ्या महायुद्धात कनूमधून बोर्दोच्या बंदरात शिरलेल्या तुकडीचा नायक होता. अशा माणसानं पुढे आयुष्यातला मोठा काळ आपल्याला सुकाणू धरायला लागू नये यासाठी खर्च करावा, हे मला फार आवडतं. शर्यतीत तो २५ फुटी ‘जेस्टर’ घेऊन दुसरा आला, ४८ दिवसांत. पहिला आला फ्रान्सिस चिचेस्टर, ४० दिवसांत. चिचेस्टरच्या बोटीवरचं पातं म्हणजे जवळजवळ एक स्वतंत्र शीडच होतं आणि त्यानं त्याचं नाव ठेवलं होतं मिरांडा. पुढच्या काही वर्षांत हॅस्लरनं जे यंत्र बसवलं, त्याचीच भावंडं आजही जगभरच्या बोटींच्या पिछाडीला दिसतात.

चिचेस्टरची पुढची गोष्ट माझ्या मुद्द्याला जास्त उपयोगी आहे. १९६६ साली तो ‘जिप्सी मॉथ ४’ घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला. सिडनी अजून २,३०० मैल दूर असताना त्याचं विंडव्हेन कायमचं मोडलं. एवढं अंतर हातानं सुकाणू धरून एकट्यानं जाणं अशक्य, म्हणून आधी त्यानं जवळचं बंदर गाठायचं ठरवलं. मग तो बसला आणि एक छोटं शीड उभारून त्याचे दोर कप्प्यांतून फिरवून दांड्याला बांधत, सोडत, पुन्हा बांधत राहिला. शेवटी बोट त्या शिडाच्या ओढीवर मार्ग धरायला लागली आणि तो थेट सिडनीला पोचला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनचंही तसंच झालं. १९६८-६९ च्या त्याच्या विनाथांबा प्रदक्षिणेत यंत्र वाटेतच निकामी झालं आणि पुढचा सगळा समुद्र त्यानं ‘सुहेली’ची शिडं तोलून पार केला. यंत्र गेलं तरी या दोघांना बोटीला काय हवंय ते कळत होतं. ते कळणं त्यांना त्या यंत्राबरोबर घालवलेल्या दिवसांतूनच आलं असावं असा माझा समज आहे.

आता ते यंत्र जरा जवळून बघू. लोकांना वाटतं की वरचं पातं सुकाणू ओढतं. प्लायवूडच्या त्या पातळ फळीत कित्येक टनांच्या बोटीचं सुकाणू हलवण्याइतकी ताकद कुठली असायला! पातं फक्त इशारा देतं. त्याच्याखाली पाण्यात एक लांब, अरुंद वल्हं उभं लटकलेलं असतं. बोट ठरलेल्या कोनातून हलली की वारा पात्याच्या एका अंगावर लागतो, पातं कलतं, आणि एक दांडी ते वल्हं आपल्या उभ्या अक्षाभोवती किंचित पिळते. धावत्या गाडीच्या खिडकीबाहेर तळहात आडवा धरून थोडा तिरका केला की हात कसा वर फेकला जातो, तसंच इथे घडतं. पिळलेल्या वल्ह्याला वाहतं पाणी जोरात बाजूला फेकतं. वल्ह्याला बांधलेले दोन दोर कप्प्यांवरून येऊन दांड्याला जोडलेले असतात, ते सुकाणू ओढतात. म्हणजे सूचना वाऱ्याची आणि ताकद पाण्याची. पाण्याचा हा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. बोट तीन नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सहा नॉटवर गेली की वल्ह्याची ताकद चौपट. समुद्र जितका उग्र, बोट जितकी जोरात, तितका हा सुकाणी बलवान होत जातो, आणि विजेचा एक थेंबही पीत नाही.

त्यातही एक गंमत आहे. आडव्या अक्षावर कलणाऱ्या पात्याचा अक्ष पुरता आडवा नसतो, वीसएक अंशांनी तिरपा ठेवलेला असतो. पुरता आडवा असता तर जरासा वारा लागताच पातं धाडकन आडवं पडलं असतं आणि तसंच पडून राहिलं असतं. अक्ष तिरपा असल्यानं कलता कलता पात्याची कड पुन्हा वाऱ्याला सामोरी येते, आणि चूक जेवढी तेवढंच ते कलतं. लहान चुकीला लहान उत्तर, मोठ्या चुकीला मोठं. वल्ह्याच्या जोडणीतही अशीच शहाणी योजना असते. वल्हं बाजूला जाऊ लागलं की त्याचा पीळ आपोआप सुटत जातो, म्हणून ते दांडा ओढतच राहत नाही. हे सगळं करायला दोन दातेरी चकत्या आणि एक दांडी पुरते. नवऱ्यानं पहिल्यांदा तो भाग उघडून पाहिला तेव्हा बराच वेळ तो काही बोलला नव्हता.

विंडव्हेन लावायचं म्हणजे आधी बोट हवी त्या दिशेला आणायची आणि शिडं नीट लावायची. मग दांडा अगदी हलका धरून बघायचं की ती काय मागते. बहुतेक वेळा ती वाऱ्याकडे नाक खुपसू बघते आणि दांडा आपल्याला ओढून धरावा लागतो. दोन बोटांत धरता आला तर ठीक, मुठीत धरावा लागला तर कुठेतरी बिनसलंय. मोठं शीड जरा सैल सोडायचं, नाहीतर सरळ एक घडी खाली घ्यायची. पुढचं शीड थोडं खेचून पाहायचं. दांडा मऊ झाला की मग पात्याची कड वाऱ्याच्या रेषेत आणायची आणि दोराची साखळी दांड्यावरच्या खुंटीत अडकवायची. हात काढून घ्यायचा. पहिली दोन-तीन मिनिटं ती डावी-उजवीकडे चाचपडते. मग एक कडी पुढे, एक कडी मागे असं करत जमवायचं.

हे जमवणं टाळून चालत नाही. शिडं चुकीची असतील तर विंडव्हेन बोट हाकतच नाही. ती नागमोडी जाते, कधी थेट वाऱ्याकडे वळून थांबते. नवे लोक वैतागून म्हणतात की यंत्र बिघडलं. यंत्र शाबूत असतं. तुम्ही शिडं जास्त ठेवली आहेत हे ते सांगत असतं, आणि ऐकेपर्यंत काम करत नाही. मी शिडांबद्दल जे काही शिकले त्यातलं निम्मं तरी या हट्टी नळकांड्यामुळे शिकले.

ऑटोपायलटची कुळकथाही काही कमी रंजक नाही. निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या इंजिनिअरनं १९२२ मध्ये जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूचं गणित मांडलं, तेही मुरलेले सुकाणी काय करतात ते पाहून. चांगला सुकाणी जहाज आत्ता किती अंश चुकलंय एवढंच बघत नाही. ते किती वेगानं वळतंय आणि मघापासून एकाच अंगाला किती रेंगाळलंय, याचाही अंदाज घेऊन तो चाक फिरवतो. मिनोर्स्कीनं या तिन्ही गोष्टींचं समीकरण केलं आणि अमेरिकी नौदलाच्या ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर त्याच्या चाचण्या झाल्या. आज भट्टीचं तापमान राखण्यापासून ड्रोन हवेत स्थिर ठेवण्यापर्यंत जिथे तिथे याच तीन गोष्टींचं नियंत्रण वापरतात. म्हणजे नवऱ्याच्या लाडक्या यंत्राच्या पोटातही एक जुना, थकलेला, अनुभवी सुकाणीच बसलेला आहे. हे त्याला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. मी टोमणा म्हणून सांगितलं होतं.

आजचे ऑटोपायलट उत्तम आहेत, यात शंका नाही. त्यांच्यातला जायरो, म्हणजे वळण मोजणारा सेन्सर, लाटेनं बोट वळायला लागताच ओळखतो आणि होकायंत्राचा आकडा बदलण्याआधीच सुकाणू हलवतो. मागून तिरक्या येणाऱ्या लाटांमध्ये एखादा चांगला ऑटोपायलट माझ्यापेक्षा सरळ बोट नेतो, विशेषतः पहाटे तीन वाजता. इंजिनवर जाताना, वारा पडलेला असताना, विंडव्हेन नुसतं शोभेचं. तेव्हा हाच एक आधार.

पण तो तक्रार करत नाही. शिडं जास्त असोत, बोट वाऱ्याकडे खेचत असो, हा मुकाट्यानं मोटर लावून दांडा धरून ठेवतो. बोट सरळ चाललेली दिसते, म्हणून आपण निवांत आत पुस्तक वाचत बसतो. प्रत्यक्षात सुकाणू तिरकं होऊन पाण्याला ब्रेक लावत असतं, वेग अर्धा-पाऊण नॉटनं कमी झालेला असतो आणि बॅटरी खाली चाललेली असते. मध्यम आकाराच्या बोटीवर डेकखाली बसवलेला ऑटोपायलट सरासरी चार अँपिअर ओढतो असं धरलं तर चोवीस तासांत ९६ अँपिअर-तास झाले. शंभर वॉटचं एक सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला तीसएक देतं. म्हणजे नुसत्या सुकाणूसाठी तीन पॅनेलं, आणि ढगाळ हवेत तीही पुरणार नाहीत. लिथियम बॅटऱ्यांनी हे गणित पुष्कळ सोपं केलंय, हे मान्य. पण बिनसलेल्या शिडांनी हाच ऑटोपायलट दुप्पट खातो, आणि तोल साधलेल्या बोटीवर अर्ध्यावर येतो. बॅटरीच्या आकड्यावरूनही शिडं वाचता येतात, जर कुणी वाचायला बसलं तर.

आणि आवाज. डेकखालची मोटर नेमकी मागच्या बिछान्याच्या फळीपलीकडे असते. व्हीं, व्हीं, थोडा विराम, व्हीऽऽऽं. कानावर उशी दाबली तरी तो लाकडातून पोचतो. कालांतरानं मला त्या आवाजावरून बाहेरची हवा कळू लागली, हे खरंय. विराम कमी झाले की वारा वाढला. तरीही विंडव्हेनच्या दोराची कप्प्यावरची हलकी करकर मला कधीही चालेल.

‘सरळ’ म्हणजे काय यावर दोघांचं मुळातच एकमत नाही. ऑटोपायलटसाठी सरळ म्हणजे होकायंत्राचा आकडा. विंडव्हेनसाठी सरळ म्हणजे वाऱ्याशी असलेला कोन. वारा स्थिर आहे तोवर दोन्ही एकच. एका रात्री वारा पाठीमागून तिरका होता आणि पाळी माझी होती. अर्ध्या तासात वारा तीसएक अंश फिरला, आणि ऑटोपायलटनं, त्याला सांगितलं होतं तसं, आकडा सोडला नाही. वारा मोठ्या शिडाच्या पाठीमागून शिरला. त्या शिडाच्या तळाचं आडवं लाकूड दोरानं बांधलेलं होतं म्हणून ते डेकवरून फिरलं नाही, पण त्या दोराला बसलेला हिसका मला पायांत जाणवला. विंडव्हेन असतं तर बोट वाऱ्याबरोबर गुपचूप वळली असती. शिडांना पत्ता लागला नसता.

विंडव्हेनचीही खोड आहेच. दुसऱ्या एका सकाळी नवरा चहाचा कप घेऊन वर आला आणि म्हणाला, “अगं, सूर्य या बाजूला कसा?” बोट झकास चालली होती, शिडं भरलेली, वेग सुरेख. फक्त रात्रीतून वारा वळत गेला होता आणि त्याच्यामागे आम्हीही पश्चिमेऐवजी दक्षिणेकडे निघालो होतो. भर समुद्रात हे थोडा वेळ वाया घालवण्यापुरतं असतं, कारण मैलोन्‌मैल आपटायला काही नसतं. किनाऱ्याजवळ, खडकांच्या शेजारून जाताना मात्र वाऱ्याच्या मर्जीवर बोट सोडून झोपणं म्हणजे वेडेपणा. तिथे मी स्वतः ऑटोपायलट लावते, आणि झोपत नाही.

विंडव्हेनचा खरा कमकुवतपणा मंद वाऱ्यात, वारा पाठीशी असताना दिसतो. बारा नॉटचा वारा मागून आहे आणि बोट पाचनं चालली आहे. पात्याला जाणवतो तो फक्त सात नॉटचा वारा. हाच बारा नॉटचा वारा पुढून तिरका घेतला तर पात्याला सोळाच्या आसपास जाणवतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं जातो, म्हणून दोन्हींत पाचपटीचा फरक पडतो. तेवढ्या वाऱ्यात मागून जाताना पातं सुस्तावतं, लाटेनं उगाच इकडेतिकडे पडतं, बोट आळशासारखी डुलत जाते. नेमक्या याच हवेत ऑटोपायलटला कष्ट कमी पडतात. दोघांची बलस्थानं अशी एकमेकांना पाठ लावून उभी आहेत, आणि व्यापारी वाऱ्यांबरोबर महासागर ओलांडताना वारा बराच काळ पाठीशीच असतो, हे विंडव्हेनच्या भक्तांनी, म्हणजे मीही, लक्षात ठेवायला हवं. मोठं, हलकं पातं लावून बरंचसं निभावतं, सगळं नाही.

बोट जितकी वेगवान तितका विंडव्हेनचा निरुपाय. लाटेवरून घसरताना बोट क्षणात दुप्पट वेग घेते, जाणवणारा वारा एकदम पुढे सरकतो, आणि पात्याला वाटतं की बोट वळली. ते तिला ‘दुरुस्त’ करतं आणि घोटाळा करतं. कॅटमरानचं, म्हणजे दोन तळांच्या बोटीचं, हेच दुखणं. म्हणून १९८९ पासून होणाऱ्या, एकट्यानं विनाथांबा जगप्रदक्षिणेच्या व्हांदे ग्लोब शर्यतीतल्या त्या बाणासारख्या बोटी ऑटोपायलटवरच पळतात, आणि तो वाऱ्याच्या कोनावरही चालवता येतो. उलट नॉक्स-जॉन्स्टननं जिंकलेल्या आणि २०१८ पासून पुन्हा सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत १९६८ च्या काळातलंच तंत्र चालतं, तिथे इलेक्ट्रॉनिक सुकाणूला मज्जाव. भारताचा अभिलाष टॉमी २०२२ च्या या शर्यतीत दुसरा आला तो विंडव्हेनच्याच भरवशावर. एकाच महासागरातून दोन्ही जातात. बोटी वेगळ्या आहेत, एवढंच.

मोडतोड दोघांचीही होते. विंडव्हेन मोडतं ते डोळ्यांसमोर: पातं फुटतं, दोर घासून तुटतो, ओंडक्याला धडकून वल्ह्याची नळी मोडते. ती नळी मुद्दामच कमजोर ठेवलेली असते, म्हणजे तीच मोडावी आणि बाकीचं वाचावं. वल्हं दोरीला लटकून राहतं, नवी नळी बसवली की काम सुरू. प्लायवूडचं पातं तर कुणालाही करवतीनं कापता येईल. ऑटोपायलट मोडतो तो बहुधा काही न सांगता. पडद्यावर एक ओळ उमटते आणि सुकाणू मोकळं. दोष मोटरच्या ब्रशमध्ये आहे, हिरव्या पडलेल्या जोडणीत आहे की सुकाणूचा कोन मोजणाऱ्या सेन्सरमध्ये आहे, हे शोधायला आडवं होऊन, डोक्यावर टॉर्च बांधून, हलत्या बोटीच्या पोटात शिरावं लागतं. म्हणून ऑटोपायलटवर विसंबून लांब जाणारे शहाणे लोक सुटे भाग नेत नाहीत, अख्खा दुसरा ऑटोपायलट नेतात. मग किमतीची तुलना पहिल्यासारखी राहत नाही.

पुष्कळ बोटींवर हा सगळा वाद पिछाडीच सोडवून टाकते. तिथे सौर पॅनेलांची कमान, डिंगी (छोटी होडी) टांगायचे हात, पोहायची शिडी अशी गर्दी असते, आणि विंडव्हेनला मोकळा वारा हवा, खाली मोकळं पाणी हवं. चाक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबानं सुकाणू हलवणारं, असेल तर दोर ओढणारं वल्ह्याचं यंत्र चालतच नाही. तिथे स्वतःचं वेगळं सुकाणू असलेलं विंडव्हेन घ्यावं लागतं. ते जड असतं, पण बोटीचं मुख्य सुकाणू गेलं तर एक जास्तीचं सुकाणू हाताशी राहतं. २०२० पासून स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ ओर्का, म्हणजे किलर व्हेल, बोटींच्या सुकाणूंशी खेळून ती तोडताहेत, तेव्हापासून या गोष्टीकडे लोक जास्त गंभीरपणे बघायला लागले आहेत.

एक गोष्ट दोघांनाही येत नाही. दोघांनाही समोरचं जहाज दिसत नाही. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवायला सांगतो, आणि तो दोघांच्याही मालकांना सारखाच लागू आहे. दुसरं म्हणजे, पाय घसरून कुणी पाण्यात पडलं तर हे दोन्ही सुकाणी तितक्याच इमानानं बोट पुढे नेत राहतात. रात्री एकटं वर असताना कमरेचा दोर बांधल्याशिवाय कॉकपिटबाहेर जायचं नाही, यावर आमच्या दोन्ही पक्षांत कधी वाद झाला नाही.

बोटीवर आता जी व्यवस्था आहे ती तडजोडीची आहे, आणि तिचा शोध आमचा नाही, कित्येक जण ती वापरतात. दांड्याला लावायचा सगळ्यात छोटा, सगळ्यात स्वस्त ऑटोपायलट घ्यायचा. तो सुकाणूला न जोडता विंडव्हेनच्या पात्याच्या जागी जोडायचा. पातं काढून ठेवायचं. आता वल्ह्याला इशारा होकायंत्र देतं आणि ताकद अजूनही पाण्याचीच. एरवी छोट्या डिंगीलाच शोभेल असं ते यंत्र आमची जड बोट महासागरी लाटांत सरळ नेतं आणि नावापुरती वीज घेतं, कारण त्याला फक्त एक दांडी कलवायची असते. वारा मंद आणि पाठीशी असला की हा जोड. वारा उठला की पातं परत जागेवर.

नवरा याला आपला विजय मानतो. “म्हणजे शेवटी ऑटोपायलटच ना?” मी म्हणते, वल्हं काढून दाखव. हा वाद आम्ही आवडीनं घालतो. मात्र त्या छोट्या मोटरचा विराम कमी होऊन ती सारखी कुरकुरायला लागली की तो हल्ली बॅटरीचा आकडा बघायला खाली जात नाही. उठतो आणि मोठं शीड हातभर सैल सोडतो.